पावतीवरची तिरपी रेघ

सातपाटीच्या बंदरावर मासळीची पावती लिहिणारा माणूस आकडा लिहून झाला की त्याच ओघात पुढे एक तिरपी रेघ मारतो आणि तिला लागून एक आडवी रेघ ओढतो. ४५००/-. पालघरच्या बाजारातला किराणावाला हेच करतो, बोईसरच्या कारखान्यातला हिशेबनीस हेच करतो, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर हेच असते आणि लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरही १०१/- असेच लिहिलेले असते. ही रेघ कशाची, असे विचारले की सगळीकडे एकच उत्तर मिळते: पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून. उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. रेघ कशासाठी हे त्यातून कळते, रेघ कोठून आली हे कळत नाही.

ती तिरपी रेघ म्हणजे झिजलेले एक इंग्रजी अक्षर आहे. ते अक्षर शिलिंगचे. आणि शिलिंगसाठी ते अक्षर वापरले गेले ते शिलिंग या शब्दामुळे नव्हे, तर चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पाडलेल्या एका सोन्याच्या नाण्यामुळे. त्या नाण्याचे नाव सॉलिडस, म्हणजे भरीव, ठोस. सातपाटीतल्या पावतीवर कॉन्स्टंटाइनचे नाणे कसे येऊन बसले, याचा माग काढताना मला जे सापडले ते इथे मांडतो आहे. माग काढता काढता आपल्याच हिशेबाच्या काही रेघा मध्ये आल्या, आणि खरे सांगायचे तर मला त्या साहेबाच्या रेघेपेक्षा जास्त मोलाच्या वाटतात.

आधी साहेबाची रेघ. जुन्या इंग्रजी चलनात १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. लिहिताना मात्र पौंडासाठी 'एल', शिलिंगसाठी 'एस' आणि पेनीसाठी 'डी' ही अक्षरे. शिलिंगचा 'एस' एखादा समजून घेईल, पण पौंडात 'एल' नाही आणि पेनीत 'डी' नाही. ब्रिटिश अमदानीत आपल्या शाळांतल्या अंकगणितात पौंड-शिलिंग-पेन्सची उदाहरणे असत, आणि हा 'डी' कुठून आला हे कोडे तेव्हाच्या किती मुलांना पडले असेल, आणि किती मास्तरांनी त्यावर नुसते "पाठ करा" म्हटले असेल, ते तेच जाणोत.

तिन्ही अक्षरे लॅटिन शब्दांची आहेत: लिब्रा, सॉलिडस आणि डेनारियस. लिब्रा म्हणजे तराजू, आणि त्यावरून एक वजन. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात शार्लमेनच्या राज्यात एक लिब्रा चांदीतून २४० डेनारियस पाडायचे असा दंडक बसला, आणि इंग्लंडात मर्सियाच्या ऑफा राजाच्या पेनीपासून हीच घडी रूढ झाली. त्या काळी प्रत्यक्ष नाणे होते ते फक्त पेनीचे. शिलिंग आणि पौंड ही कित्येक शतके केवळ हिशेबातली नावे होती, हातात धरता येतील अशी नाणी नव्हती. हिशेब लिहिणारे कारकून चर्चमध्ये शिकलेले, त्यांची लिहिण्याची भाषा लॅटिन. लोक तोंडाने पेनी म्हणत, कारकून कागदावर डेनारियस लिहीत. पुढे लॅटिन गेली, तिची आद्याक्षरे तेवढी मागे राहिली. आपल्याकडे फारसी दफ्तर जाऊन इतकी वर्षे झाली तरी 'मजकूर', 'सदरहू', 'अक्षरी' ही मंडळी सरकारी कागदावरून हललेली नाहीत, तसेच हे.

लिब्राच्या 'एल'ला आडवी रेघ मारली की झाला £. शब्द तोडून लिहिला आहे हे दाखवायला अक्षरावर अशी रेघ मारण्याची पद्धत मध्ययुगीन लेखनिकांत सर्रास होती. वजनाच्या पौंडासाठी इंग्रजीत 'एलबी' लिहितात, तेही लिब्राचेच. गंमत अशी की आपल्याकडे पौंडाच्या वजनाला रत्तल म्हणत. हा रत्तल अरबी 'रत्ल'वरून आला, अरबीत तो ग्रीक 'लित्रा'वरून गेला, आणि लित्रा ही लिब्राची सख्खी बहीण. म्हणजे किलो येण्यापूर्वी आमच्याकडे ज्या रत्तलाने मासळी तोलली जाई तो रत्तल आणि बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवरचा £ एकाच घराण्यातले. एक अरबी गलबतातून आला, दुसरा इंग्रजी जहाजातून.

सॉलिडसचा 'एस' जुन्या इंग्रजी वळणात लांब, उभा काढीत. घाईत लिहिताना त्याची नुसती तिरपी रेघ उरली. सात शिलिंग सहा पेन्स म्हणजे ७/६. पाच शिलिंग आणि पेन्स काहीच नाहीत, तर ५/-. ॲलिसच्या गोष्टीतल्या टोपीवाल्याचे टेनिएलने काढलेले चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्याच्या टोपीत खोचलेल्या चिठ्ठीवरचे १०/६ आठवेल. ती त्या टोपीची किंमत आहे, साडेदहा शिलिंग. संगणकाच्या चिन्हसूचीत, म्हणजे युनिकोडमध्ये, या तिरप्या रेघेचे अधिकृत नाव आजही 'सॉलिडस' असेच नोंदलेले आहे. (आपल्या ७/१२ मधल्या रेघेचा मात्र या घराण्याशी संबंध लावू नये. तिथे ती नमुना सात आणि नमुना बारा यांच्यामध्ये उभी आहे, एवढेच.)

उरला 'डी'. डेनारियस हे रोमचे चांदीचे नाणे, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या अखेरीचे. त्याचा अर्थ दहाचे, कारण सुरुवातीला ते दहा 'आस'च्या मोलाचे होते. इंग्रजांनी हा 'डी' आपल्याबरोबर हिंदुस्थानात आणला असे कोणी म्हणेल, तर आमच्या किनाऱ्याने त्याला हरकत घ्यायला हवी. डेनारियस इथे इंग्रजांच्या दीड हजार वर्षे आधी येऊन गेला होता.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवहीत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत सोन्याचे आणि चांदीचे डेनारियस आहेत, आणि स्थानिक नाण्यांशी अदलाबदल करताना त्यांवर नफा सुटतो असेही तो सांगतो. भडोचच्या खाली त्याने जी बंदरे मोजली त्यांत सोपारा आहे. सोपारा आज आमच्याच जिल्ह्यात. त्या वेळी या मुलखावर नहपान क्षत्रपाची सत्ता होती. त्याचा जावई उषवदात याचे नाशिकच्या पांडवलेण्यांतले लेख प्रसिद्ध आहेत. त्यात त्याच्या दानधर्माची जंत्री आहे, आणि ज्या नद्यांवर त्याने नावांची फुकट उताराची सोय केली त्यांची नावे आहेत: इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहाणुका. शेवटचे नाव वाचून डहाणूच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

या लेखांत हिशेबही आहे. ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णाला ३५ कार्षापण या दराने, असे तिथे स्वच्छ कोरलेले आहे. सोने-चांदीचा विनिमयदर दगडावर कोरून ठेवणारे लोक होते ते. पुढे गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने, आणि १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने. पाऊणसाठी लेखात शब्द आला आहे 'पायून'. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा शब्द आपण आजही पाऊण वाजताना वापरतो. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

डेनारियसचा संस्कृतात दीनार झाला. गुप्तकाळातल्या कोरीव लेखांत सोन्याच्या नाण्याला दीनारच म्हटले आहे. तोच शब्द अरबीत गेला, आणि आज कोकणातून कुवेतला, बहारीनला कामाला गेलेली मुले घरी दिनारांचे पैसे पाठवतात. इंग्रजांच्या पेनीचा 'डी' आणि आखातातला दिनार हे एकाच बापाचे. फक्त एकाचा भाव पार उतरला आणि दुसऱ्याचा चढला.

आता मधली बरीच शतके ओलांडून १६६१ मध्ये यावे लागते. £ हे चिन्ह आजच्या रूपात स्पष्ट दिसते असा एक जुना धनादेश बँक ऑफ इंग्लंडच्या संग्रहालयात आहे, त्यावरची तारीख ७ जानेवारी १६६१. त्याच साली जूनमध्ये दुसऱ्या चार्ल्सचा पोर्तुगालच्या कॅथरिनशी विवाहाचा करार झाला आणि मुंबई बेट आहेरात इंग्रजांकडे जायचे ठरले. १६६८ मध्ये राजाने ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने देऊन टाकले. भाडे वर्षाला १० पौंड, सोन्यात. आज मुंबईत १० पौंडांत काय मिळेल याचा हिशेब वाचकांनी आपापल्या मनाशी करावा.

पण बेट पौंडांत घेतले तरी इथला हिशेब पौंडांत होईना. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने जमिनीच्या हक्कांबद्दल मुंबईच्या रहिवाशांशी तडजोड केली, तिच्यात त्यांनी दरसाल द्यायची रक्कम ठरली २०,००० झेराफिन. झेराफिन हे पोर्तुगीज हिशेबाचे एकक, ३०० रेइसचे. इंग्रज राज्य करीत होते आणि हिशेब फिरंग्यांचा चालला होता. त्याच सुमारास कंपनीने मुंबईत टाकसाळ घातली आणि आपली नाणी पाडली. सोन्याचे कॅरोलिना, चांदीचे अँजेलिना, तांब्याचे कॉपरून आणि कथलाचे टिनी. नावे नाटकातल्या पात्रांसारखी आहेत, आणि नाटक फार चालले नाही. मुंबईबाहेरच्या बाजाराला मोगली रुपया हवा होता. शेवटी १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाकडून परवानगी मिळवून कंपनी मुंबईच्या टाकसाळीत बादशहाच्या नावाने रुपये पाडू लागली.

आमचा हा उत्तरेकडचा किनारा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. सातपाटीला लागून असलेला शिरगावचा किल्ला, केळवे-माहीम, तारापूर, डहाणू हे सारे वसईच्या अमलाखाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ही ठाणी मराठ्यांकडे आली, पण पोर्तुगीज नाणे गेले तरी पोर्तुगीज शब्द राहिला. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हिशेबाचे कोष्टक होते रुपया, पाव आणि रेस. १०० रेसचा एक पाव, ४ पावांचा रुपया, म्हणजे रुपयाचे ४०० रेस. मोगलांचा रुपया, मराठी पाव आणि पोर्तुगीज रेस अशी ती तीन मुलखांची खिचडी होती, आणि लंडनहून आलेला कारकून ती इंग्रजी वहीत लिहीत असे. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया झाला, एक तोळा वजनाचा. १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. रेस तेव्हा बुडाले. इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताला मात्र शिलिंगच्या रेघेची सवय होती. शिलिंगच्या जागी रुपया बसला, रेघ तीच राहिली. रुपये पाच, आणे नाहीत, पै नाहीत: ५/-.

आपल्या लोकांच्या वह्यांत मात्र ही रेघ नव्हती. तिथे आपल्या रेघा होत्या.

आमच्या घरी आजोबांच्या होडीच्या हिशेबाची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट, वरून उलटायची. सुक्या बोंबलाचा वास तिला अजून आहे, की मला तसे वाटते कोण जाणे. अक्षर मोडी, व्यापाऱ्याच्या दिवाणजीचे. मोडी मला येत नव्हती, निवृत्तीनंतर शिकलो. पण मोडी येण्याच्या आधीही त्या वहीतले आकडे मला वाचता येत होते, कारण रुपयांच्या पुढे अक्षरे नव्हतीच, नुसत्या रेघा होत्या.

त्या रेघांची रीत अशी. एक उभी रेघ म्हणजे पाव, चार आणे: ।. दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, आठ आणे: ॥. तीन उभ्या म्हणजे पाऊण, बारा आणे: ॥।. पावाच्या आतले आणे आडव्या रेघांनी दाखवायचे. एक आणा -, दोन आणे =, तीन आणे ≡. बस्स, एवढेच. चौथा आणा आला की आडव्या रेघा पुसल्या जातात आणि एक उभी रेघ वाढते. म्हणजे ७॥।= म्हणजे सात रुपये चौदा आणे. ३।≡ म्हणजे तीन रुपये सात आणे. वजनातही हेच चाले, कारण पाव आणि निम्मे हे शेराचेही होतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केलेल्या माणसाला या रेघा पाहून हिशेब मांडावा लागत नसे, तो तोंडातच तयार असे. नाशिकच्या लेण्यात कोरलेला पायून इथे तीन उभ्या रेघा होऊन उभा आहे.

आमच्या भागात याचा एक वेगळा फायदा होता. पालघर-डहाणूच्या पट्ट्यात व्यापारी पुष्कळदा गुजराती, वही गुजरातीत. मासेमार मांगेला किंवा वैती, बोली त्याची निराळीच. पण याच रेघा गुजरातीत चालत, मोडीत चालत, देवनागरीत चालत. अक्षरे बदलली तरी रेघ तीच. £ वाचायला लॅटिन माहीत असलेल्या कारकुनाचा वारसा लागतो. ॥। वाचायला तीनपर्यंत मोजता आले की पुरते. ज्या बाया मासळीच्या टोपल्या मोजताना विसाने मोजत, "तीन विसा नि पाच" म्हणत, आणि उधारी भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवत, त्यांना दिवाणजीच्या वहीतले नाव वाचता आले नसेल, पण तिथल्या रेघा मोजता येत होत्या. मला या पद्धतीचे सगळ्यात मोठे शहाणपण इथे दिसते.

आणि तिचा सगळ्यात मोठा धोकाही इथेच. इंग्रजी रेघ आकड्याला कुलूप लावते. आपली रेघ हीच रक्कम, आणि तिच्या शेजारी आणखी एक रेघ ओढली की रक्कम चार आण्यांनी वाढते. आमच्या वहीत एका पानावर नावे लिहिलेली एक रक्कम ११॥। अशी आहे. मोडी शिकल्यावर मी त्या पानाची बेरीज करून पाहिली. बेरीज जुळते ती ११॥ धरली तरच. तिसऱ्या रेघेची शाई बाकीच्या दोघींपेक्षा फिकट आहे. चार आणे. ज्या काळात चार आण्यांना घरचा बाजार होई, त्या काळातले चार आणे. दिवाणजीचे नाव मी इथे घेत नाही. वहीत ते आहे, आणि त्याची नातवंडे आजही भली माणसे आहेत.

अशा एका रेघेने होणारे नुकसान आपल्या पूर्वजांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. म्हणून तर रक्कम आकड्यात आणि पुन्हा अक्षरात लिहिण्याची शिस्त होती. हुंडीवर तर त्याहून पुढची युक्ती असे. रक्कम लिहायची, मग तिचे निमे लिहायचे, आणि निम्म्याची दुप्पट म्हणजे पुरे इतके, असे स्पष्ट करायचे. शंभराचे निमे पन्नास, पन्नासाचे दुप्पट पुरे शंभर. लबाडी करणाऱ्याला मग एक आकडा बदलून भागत नसे, सगळे वाक्य बदलावे लागे. धनादेशावर आपण 'फक्त' किंवा 'मात्र' लिहून पुढे रेघ ओढतो, ती या शिस्तीची आजची उरलीसुरली खूण. पण ही शिस्त हुंडीवाल्या सावकारासाठी होती. बंदरावरच्या उधारीच्या वहीत निमे लिहायला कोण बसतो?

साहेबाच्या 'एस' आणि 'डी'चा आपल्या लोकांच्या पोटाशी थेट संबंध आला तो मात्र वहीतून नव्हे, हुंडणावळीच्या दरातून. १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी चांदीला बंद केल्या, आणि शतक संपता संपता रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिरावला. १ शिलिंग ४ पेन्स म्हणजे १६ पेन्स, आणि रुपयाचे आणे १६. म्हणजे एक आणा बरोबर एक पेनी. आपली आडवी रेघ आणि रोमचा डेनारियस त्या काळात काटेकोर सारख्या मोलाचे झाले होते. पौंडाचे बरोबर १५ रुपये होत. पहिल्या महायुद्धात ही घडी विसकटली, १९२० मध्ये रुपया दोन शिलिंगांवर टांगून ठेवण्याचा प्रयत्न फसला, आणि मग वाद पेटला: रुपया १६ पेन्सचा असावा की १८ पेन्सचा?

दोन पेन्सांचा फरक. पण हिशेब करून पाहा. विलायतेत एक पौंडाचा कापूस विकला तर १६ पेन्सच्या दराने इथे १५ रुपये येतात. १८ पेन्सच्या दराने येतात १३ रुपये ५ आणे ४ पै. वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याचे पौंडामागे दीड रुपयाहून जास्त गेले, आणि विलायती माल मात्र इथे तेवढाच स्वस्त झाला. हिल्टन यंग कमिशनने १८ पेन्सचा कौल दिला. कमिशनवरचे मुंबईचे सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्न मत नोंदवून १६ पेन्सची बाजू धरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ मध्येच लंडनला प्रसिद्ध झाला होता, त्यांनीही या कमिशनपुढे साक्ष दिली. रुपया स्वस्त केला की किमती चढतात, आणि मजुरी तेवढी चढत नसल्याने त्याचा भार मजुरीवर जगणाऱ्यावर पडतो, ही बाजू त्यांनी लावून धरली. शेतकरी आणि मजूर यांचे हित एकाच दरात नेहमी असतेच असे नाही, हे तेव्हा इतक्या स्वच्छपणे बोलणारे थोडे होते. १९२७ मध्ये कायद्याने १८ पेन्स ठरले. ज्या 'डी'साठी ही भांडणे झाली, तो एका मेलेल्या भाषेतल्या बुडालेल्या नाण्याचा 'डी' होता.

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. रुपयाचे १०० नये पैसे. पावली २५ पैशांची झाली, अधेली ५० ची, तिथे काही अडचण नव्हती. अडचण आडव्या रेघांची. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, आणि सव्वा पैसा कोणी पाडलेला नव्हता. म्हणून सरकारने कोष्टक दिले: १ आण्याचे ६ नये पैसे, २ आण्यांचे १२, ३ आण्यांचे १९, ४ आण्यांचे २५. आता एका बाईने एक आण्याची वाटणी आणि दोन आण्यांची वाटणी वेगवेगळी विकली तर तिला १८ पैसे, आणि तीन आण्यांची एकदम विकली तर १९. वरवर पाहता हा एक पैसा क्षुल्लक. पण ज्यांचा सगळा धंदा एक-दोन आण्यांच्या वाट्यांवर चालतो त्यांना तो दिवसाकाठी जाणवणारच. दशमान पद्धत चांगली आहे, मुलांची औटकी सुटली, हे सगळे मान्य. पण बदलाच्या पहिल्या महिन्यांत ते एक-दोन पैसे कोणाच्या पदरातून गेले, हे मला सांगावेसे वाटते.

त्या कोष्टकाबरोबर आपल्या रेघाही गेल्या. २५ पैसे लिहायला । कोण काढील? दशांशचिन्हापुढे दोन घरे आली आणि तिथे रेघेला जागा उरली नाही. मोडीही त्याच सुमारास वहीतून उठली. ज्यांना रेघा वाचता येत होत्या ती पिढी रेघा न लिहिताच संपली. ब्रिटननेही १५ फेब्रुवारी १९७१ ला आपले शिलिंग मोडीत काढले आणि पौंडाचे १०० पेन्स केले. 'डी' गेला, पेनीला 'पी' आला. शिलिंगच गेल्यावर तिकडे ती रेघ कोणी कशाला ओढील? आपल्याकडे मात्र रुपयाला ती जी चिकटली ती चिकटलीच. कारण तिने काम बदलले होते. तिकडे ती शिलिंग आणि पेन्स यांच्यामधली होती, इकडे ती आकड्याच्या शेवटची कडी झाली.

आपल्या रेघांना नंतर एक विचित्र पुनर्जन्म मिळाला. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत पाव, अर्धा, पाऊण आणि एक ते तीन आण्यांच्या या रेघा संगणकासाठी नोंदल्या गेल्या. त्यांच्या नावांत मात्र 'उत्तर भारतीय' असे आले. हजारो मराठी वह्यांतल्या या रेघांना उत्तर भारतीय हे नाव मिळावे याचे मला थोडे वाईट वाटले. पुढच्याच वर्षी, १५ जुलै २०१० ला, मुंबईच्या आय.आय.टी.त संशोधन केलेल्या डी. उदय कुमार यांनी काढलेले ₹ हे चिन्ह सरकारने स्वीकारले. त्यात देवनागरी र आहे, शिरोरेषा आहे. आणि २०११ मध्ये ₹ उमटलेली नाणी बाजारात येत होती त्याच वर्षी, ३० जूनपासून, २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून बाद झाली. म्हणजे रुपयाला चिन्ह मिळाले आणि पावली गेली, दोन्ही एकाच वर्षात.

आता छापील बिलांवर पाहावे तर मोठीच गर्दी आहे. सुरुवातीला ₹, मग 'रु.', मग आकडा, मग दशांशचिन्ह आणि दोन शून्ये, आणि त्यापुढे पुन्हा /-. पैसे शून्य आहेत हे सांगून झाल्यावर पेन्सही नाहीत हे सांगायचे, असा तो प्रकार. बिल छापणाऱ्या यंत्राला कोणीतरी तसे शिकवून ठेवले आहे, आणि ग्राहकालाही ती रेघ नसली तर पावती अपुरी वाटते.

आण्यांचे म्हणाल तर ते सगळ्यात उशिरापर्यंत टिकले ते नाण्यात नव्हे, पिकात. पीक किती आले ते रुपयात किती आणे अशा मापाने सांगायची महसूल खात्याची रीत, तिचे नाव आणेवारी. दशमान आल्यावर तिची पैसेवारी झाली, आणि ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईच्या यादीत. तलाठ्याच्या कागदावर आज पैसेवारीच लिहिलेली असते. यंदा भात पावसाने झोपले तेव्हा ओटीवर बसलेल्या आमच्या शेजाऱ्याने मला विचारले ते, "आणेवारी किती लावली?"